दाजींचा खुलासा

माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले, ही गोष्ट मी प्रारंभीच नमूद करतो. वडील अकस्मात गेले, घराची जबाबदारी अंगावर आली आणि शाळा सुटली. तथापि वाचनाची गोडी सुटली नाही. रद्दीत आलेली पुस्तके मी विकत घेत असे, कठीण शब्द वहीत उतरवून घेत असे आणि संधी मिळताच ते वापरीत असे. या सवयीमुळे जलशुद्धीकरण केंद्रात मला सर्व जण 'मास्तर' म्हणू लागले. त्यात थोडी थट्टा होती, हे मला ठाऊक आहे. परंतु कुणाला रजेचा अर्ज हवा असो, मुलाच्या शाळेला चिठ्ठी लिहावयाची असो, वा विहिणीला रागाचे पत्र धाडावयाचे असो, तीच मंडळी कागद घेऊन माझ्याकडेच येत. म्हणून मी त्या थट्टेचे कधी वाईट वाटून घेतले नाही.

केंद्रात मला दाजींनी लावले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ते निवळणी टाकीचे प्रमुख होते. नदीतून उपसलेले गढूळ पाणी प्रथम या टाकीत येते. तेथे त्यात तुरटीचे द्रावण सोडतात. द्रावण मिसळले की मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना बिलगतात आणि त्यांचे कापसासारखे हलके पुंजके होतात. आम्ही त्यांना 'फुले' म्हणतो. फुले जड झाली की तळाशी बसतात आणि वरचे निवळलेले पाणी वाळूच्या गाळण्यांकडे जाते. सांगावयास हे सोपे आहे, परंतु तुरटी किती सोडावयाची हा सारा प्रश्न आहे. कमी पडली तर फुले धरत नाहीत, आणि जास्त झाली तरीही धरत नाहीत. नदी तर रोज वेगळी असते.

यासाठी रोज सकाळी सहा पेल्यांत नदीचे पाणी घेऊन प्रत्येकात वेगवेगळ्या मापाची तुरटी टाकून पाहावयाची, अशी पद्धत आहे. सहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या बाईंनी एक मोठा तक्ता तयार केला. पाण्याचा गढूळपणा यंत्रावर मोजावा, तक्त्यात तो आकडा शोधावा आणि समोरचे माप घ्यावे, अशी त्याची रचना होती. तक्ता काचेच्या चौकटीत भिंतीवर लागला. दाजी मात्र पेले खिडकीच्या उजेडात धरीत, एक डोळा मिटीत आणि म्हणत, "तिसरा. तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या मधलं धरा." तसे केले की तासाभरात टाकीचा तळ दिसे. मी त्यांच्या शेजारी उभा राहून तेच पेले तासन् तास पाहिले आहेत. मला तिसरा आणि चौथा यांतला फरक आजवर दिसलेला नाही.

दाजींच्या निवृत्तीस आठ महिने उरले होते. केंद्राच्या आवारातच टाकीप्रमुखासाठी दोन खोल्यांचे क्वार्टर आहे. अक्का त्या घरात लग्न होऊन आली व तिच्या दोन्ही मुली तिथूनच सासरी गेल्या. आठ महिन्यांनी ते सोडावयाचे होतेच, आणि तोवर दाजी आपल्या गावाकडच्या जागेवर छप्पर घालून घेणार होते. भिंती उभ्या राहिल्या होत्या, छप्पर व्हावयाचे होते. सारे हिशेबात बसलेले होते.

अशात एका सकाळी वरच्या अंगाला धरणाची तळची दारे उघडली आणि आमच्या नदीचे पाणी एका तासात विटकरी झाले. तळच्या पाण्याचा स्वभाव निराळा असतो. ते नुसत्या तुरटीला दाद देत नाही, आधी त्यात चुना द्यावा लागतो. चुना महिनाभर संपलेला होता. दाजींनी भांडारात तीनदा तोंडी सांगितले होते आणि तीनही वेळा "निघालाय, येतोय" असे उत्तर मिळाले होते. दाजी कागदाला मुळातच नाखूश, त्यामुळे लेखी काही नव्हते.

त्या सकाळी सहाही पेल्यांत फुले धरेनात. दाजींनी पुन्हा पेले भरले, पुन्हा पाहिले. मग ते पंपघरात गेले आणि त्यांनी केंद्राच्या साहेबांना फोन लावला. मी त्यांच्या मागेच उभा होतो.

"साहेब, पाणी निवळत नाहीये. चुना नाही. पंप बंद करतो," दाजी म्हणाले.

पलीकडचे मला ऐकू आले नाही. दाजी "हो", "हो साहेब", "पण साहेब" असे म्हणत राहिले. शेवटी फोन ठेवून ते म्हणाले, "चालू ठेव म्हणतात. दवाखाना आहे, शाळा आहेत, गाव कोरडं ठेवता येत नाही."

"मग?" मी विचारले.

"मग काय. क्लोरीन दुप्पट कर. निदान कुणी आजारी पडायला नको."

चार तास गावाला चहाच्या रंगाचे पाणी गेले. कुणी आजारी पडले नाही. परंतु दवाखान्यातील दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, लोकांनी बाटल्या भरून कार्यालयात नेऊन ठेवल्या आणि तिसऱ्या दिवशी दाजींना नोटीस आली. सदर प्रकाराबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कारवाई करण्यात येईल, असा तिचा मजकूर होता.

त्या संध्याकाळी दाजी माझ्या घरी आले. त्यांनी खिशातून वहीचे एक पान काढले.

"मी लिहिलंय. तू फक्त नीट अक्षरात काढून दे."

पानावर पेन्सिलीने लिहिले होते: 'चुना नव्हता. तीनदा मागितला. पाणी निवळलं नाही. पंप बंद करतो म्हणालो, साहेब म्हणाले चालू ठेव. चालू ठेवला.' खाली सही.

मी ते दोनदा वाचले. खरे सांगावयाचे तर मला त्या मजकुराची लाज वाटली. ज्या माणसाने तीस वर्षे गावाला पाणी पाजले त्याचा खुलासा एवढा उघडावाघडा असावा, हे मला सहन होईना. शिवाय 'साहेब म्हणाले' असे थेट बोट दाखवणे मला उद्धटपणाचे वाटले.

"दाजी, हे असं नाही देता येत," मी म्हणालो. "वाचणाऱ्याला आधी विषय समजला पाहिजे. पाणी कसं निवळतं, तुम्ही काय करता, हे त्या लोकांना कुठं माहीत आहे? सगळं उलगडून सांगावं लागेल."

"बघ बाबा. तुझं तुला कळतं," दाजी म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

पत्नी आतून म्हणाली, "दूधवाल्याला 'उद्या दूध नको' एवढं कळवायचं होतं, तर तुम्ही दीड पान लिहिलं होतंत. त्यानं घाबरून दोन लिटर जास्त घातलं."

"तो अडाणी होता," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. "पण दूध आपल्यालाच संपवावं लागलं."

मी दोन दिवस लिहीत होतो. खुलासा चार पानांचा झाला. पहिल्या पानावर नदीचे स्वरूप आणि ऋतुमानानुसार होणारा पालट होता. दुसऱ्यावर निवळण्याची क्रिया इतकी बारकाईने लिहिली होती की शाळेतल्या पोरालाही समजावी. तिसरे पान मी केवळ दाजींसाठी राखले. ते पान लिहिताना माझा हात आपोआप चालत होता. मी लिहिले की, 'प्रयोगशाळेचा तक्ता भिंतीवर लागून सहा वर्षे लोटली. तथापि या सहा वर्षांत टाकीप्रमुखांनी त्याकडे एकदाही पाहिलेले नाही, कारण त्यांना तशी आवश्यकताच भासली नाही. त्यांची दृष्टी हाच त्यांचा तक्ता होय. पेला उजेडात धरताच पाण्याचे मनोगत त्यांस कळते. ही विद्या पुस्तकात नाही व यंत्रातही नाही.' चौथ्या पानावर चुन्याचा तुटवडा आला. फोनविषयी 'वरिष्ठांशी विचारविनिमय होऊन पुरवठा सुरू ठेवण्यात आला' असे एक वाक्य मी घातले. कोणासही न दुखावता सत्य सांगितले गेले, असे मला वाटले. त्या वाक्यावर मी विशेष खूश होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरवर जाऊन मी तो खुलासा मोठ्याने वाचला. दाजी जमिनीकडे पाहत ऐकत होते. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिसरे पान संपले तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला.

"तीस वर्षांत यांच्याबद्दल इतकं कुणी बोललं नव्हतं," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही."

"जरा जास्तच चढवलंयस," दाजी म्हणाले. पण त्यांना बरे वाटले होते, हे मला दिसले. "सगळं आलं ना त्यात?"

"सगळं आलंय."

त्यांनी चारही पानांवर सह्या केल्या. घरी परतल्यावर पत्नीने विचारले, "साहेब फोनवर काय बोलले ते लिहिलंत?"

"आहे. ओघात आहे," मी म्हणालो.

चौकशी मुख्य कार्यालयात झाली. खोली लहान होती. एक लांब टेबल, पाण्याचा जग, आणि भिंतीवर थांबलेले घड्याळ. चौकशी अधिकारी दुसऱ्या शहरातून आलेले शांत गृहस्थ होते. त्यांना सर्दी झालेली होती व ते रुमाल नाकाशी धरूनच बोलत. एका बाजूस आमचे साहेब बसले होते, दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळेच्या बाई. दाजींना कमी ऐकू येते, असे सांगून मी सोबत बसण्याची परवानगी मिळवली होती.

अधिकाऱ्यांनी खुलासा उचलला आणि पहिली दोन पाने बाजूला ठेवली.

"हे तिसरं पान," ते म्हणाले. "यात लिहिलंय की तुम्ही सहा वर्षांत तक्ता एकदाही बघितला नाही. हे खरं आहे?"

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "खरं आहे."

"आणि तो बघायचा, असा लेखी आदेश होता, माहीत होतं?"

"होतं."

बाई हळूच म्हणाल्या, "चार महिने खपून केला होता मी तो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मी उठून उभा राहिलो. "साहेब, परवानगी असेल तर मी उलगडा करतो. हे पान मी लिहिलंय. त्याचा आशय वेगळा आहे."

"तुम्ही कोण?"

"मी यांचा मेहुणा. टाकीवर मदतनीस आहे."

"बोला."

मी बोलू लागलो. रोजच्या पाण्याला तक्ता उत्तम आहे, परंतु दाजींचे माप तक्त्याशी बहुधा जुळतेच, असे मी सांगितले.

"बहुधा म्हणजे? तुम्ही ताडून बघितलंय?"

"ताडून नाही, पण..."

"मग जुळतं कशावरून?"

"टाकीचा तळ दिसतो, साहेब."

"त्या दिवशी दिसला?"

"त्या दिवशी चुना नव्हता."

"चुना नसेल तर काय करायचं, हे तक्त्यात आहे का?" त्यांनी बाईंना विचारले.

"तळाशी टीप आहे," बाई म्हणाल्या. "पुरवठा थांबवून प्रयोगशाळेला कळवावं, अशी."

मला ती टीप माहीत नव्हती. दाजींनाही नव्हती. मग मी घाईने म्हणालो, "पण यांनी तेच सांगितलं होतं, साहेब. बंद करतो, असंच म्हणाले होते फोनवर. मी तिथं होतो."

अधिकाऱ्यांनी चौथे पान डोळ्यांजवळ धरले. "इथे 'विचारविनिमय' लिहिलंय. विचारविनिमय म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं ना?"

"तो शब्द मी सौम्य करण्यासाठी घातला. मूळ मजकुरात स्पष्ट होतं."

"मूळ मजकूर कुठाय?"

ते पेन्सिलीचे पान मी घरी फाडून टाकले होते. कच्चा मजकूर जपून ठेवू नये, अशी माझी पद्धत आहे.

अधिकाऱ्यांनी आमच्या साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "फोन आला होता. मी परिस्थिती विचारली. निर्णय शेवटी जागेवरच्या माणसानं घ्यायचा असतो." ते माझ्याकडे पाहत नव्हते; पाण्याच्या जगाकडे पाहत होते. "मी आदेश दिला असता तर खुलाशात तसं आलं असतं. चार पानं आहेत. जागेची काही कमतरता नव्हती."

मी साहेबांना म्हणालो की, आपल्याविषयी आदर म्हणूनच मी तसे लिहिले नाही. मग म्हणालो की, दाजींची नजर ही आज्ञाभंग नसून अनुभव होय. मग अनुभव आणि आज्ञा यांतील भेद सांगू लागलो. त्यासाठी मला नदीपासून सुरुवात करावी लागली. अधिकारी रुमाल धरून ऐकत होते व अधूनमधून लिहून घेत होते. ते लिहून घेत आहेत म्हणून मला हुरूप येई आणि मी आणखी एक गोष्ट सांगे. त्या प्रत्येक गोष्टीतून त्यांना एक नवा प्रश्न सुचे.

"मास्तर, राहू दे," दाजी म्हणाले.

"दाजी, एवढं एकच..."

"बस खाली. दमलास तू."

मी बसलो. अधिकारी पाने एकत्र करताना म्हणाले, "खुलासा तुम्ही लिहिलात तर. सविस्तर आहे. कामाची माहिती चांगली आहे तुम्हाला." हे ते मनापासून म्हणाले असावेत. आयुष्यात माझ्या लेखनाची एवढ्या मोठ्या माणसाने केलेली ती एकमेव स्तुती होय.

दोन आठवड्यांनी आदेश आला. टाकीप्रमुखांनी विहित पद्धतीचे सातत्याने उल्लंघन केल्याचे त्यांच्याच लेखी निवेदनावरून सिद्ध होत असल्याने त्यांना तत्काळ सेवामुक्त करण्यात येत आहे. क्वार्टर तीस दिवसांत रिकामे करावे. त्याखाली दुसरा परिच्छेद होता. प्रक्रियेचे सम्यक ज्ञान असल्याचे चौकशीत निदर्शनास आल्यावरून प्रभारी टाकीप्रमुख म्हणून नेमणूक. त्यापुढे माझे नाव होते.

मी तो कागद घेऊन तडक साहेबांकडे गेलो.

"मला हे पद नको," मी म्हणालो. "आणि साहेब, तुम्हाला ठाऊक आहे त्या दिवशी फोनवर काय झालं ते."

साहेबांनी दार लावून घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्यावरही वरून फोन होता. माझ्याकडे तरी कुठं लेखी आहे?" त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "पद नको असेल तर तसं लिहून द्या. बाहेरचा माणूस येईल."

मी घरी येऊन कागद पुढ्यात घेतला. 'विषय' हा शब्द लिहिला आणि पुढे काय लिहावे ते मला सुचेना. दाजींवर झालेला अन्याय मांडावा तर तो अन्याय माझ्याच हस्ताक्षरात कार्यालयात पडून होता. पत्नीने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा ती येऊन शेजारी बसली, कोऱ्या कागदाकडे तिने पाहिले आणि माझ्या हातातले पेन काढून त्याला टोपण लावले.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना विचारले. ते क्वार्टरच्या ओट्यावर सुतळीने पुठ्ठ्याची खोकी बांधत होते.

"घे ते काम," ते म्हणाले. "बाहेरचा आला तर टाकीची वाट लावेल."

"मला पेल्यांतलं दिसत नाही, दाजी. तुम्हाला माहीत आहे."

"तक्ता आहे की." हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. गाठ मारून त्यांनी खोके हलवून पाहिले. "चांगला आहे तो तक्ता. बाईंनी मेहनत घेतलीय. आणि खालची टीप वाच आधी."

"दाजी, माझ्यामुळे..."

"तू वाईट काय लिहिलंस? एकही शब्द खोटा नव्हता त्यात." त्यांनी दुसरे खोके ओढले. "मीच सही केली. वाचून दाखवलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं."

मी त्यांना थांबवून पुष्कळ काही सांगू इच्छित होतो. शब्द माझ्याकडे होते. परंतु माझे तोंड उघडलेले पाहून ते इतक्या सौम्यपणे खोक्याकडे वळले की मी सुतळीचे दुसरे टोक धरून उभा राहिलो.

नेमणुकीसोबत क्वार्टरही मला मिळाले. नको म्हणण्याची सोय नव्हती, कारण टाकीप्रमुखाने आवारातच राहावे असा नियम आहे. तिसाव्या दिवशी सकाळी सामानाचा टेम्पो दारात उभा राहिला. गावाकडच्या घराचे छप्पर अद्याप झालेले नव्हते. तूर्त दाजींच्या चुलत भावाकडे एका खोलीत राहावयाचे ठरले होते.

अक्काने मला आत बोलावले. रिकाम्या खोल्यांत तिचा आवाज मोठा वाटत होता. ती एकेक वस्तू दाखवीत गेली.

"मोरीतला नळ पूर्ण बंद होत नाही. खाली बादली ठेवायची, ती संध्याकाळपर्यंत भरते. ही खिडकी उघडू नका, बिजागरी गेलीय. गॅसची शेगडी इकडच्या कोपऱ्यात ठेव, तिकडे वारा लागतो. वहिनीला सांग, कपडे मागच्या बाजूला वाळतात, पुढे टाकीचा दमटपणा येतो."

"अक्का," मी म्हणालो.

"आणि हा दिवा अधेमधे जातो. बल्ब खराब नसतो. बटण दोनदा दाबायचं."

"अक्का, ऐक ना."

ती थांबली. माझ्याकडे पाहून तिने मान हलवली. ती रागावलेली नव्हती. लहानपणी मी शाळेतून धडा न येता परतलो की ती अशीच पाहत असे. "नको रे," ती म्हणाली. "आता काही सांगू नकोस." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

ती टेम्पोत दाजींच्या शेजारी जाऊन बसली. मी बाहेरचे दार ओढून घेतले, परंतु कडी बसेना. दोनदा, तीनदा प्रयत्न केला. दार खाली आलेले होते आणि कडीचे टोक भोकाच्या खालीच अडत होते. टेम्पोचे इंजिन सुरू होते. दाजी खाली उतरले, परत आले, त्यांनी पायाच्या अंगठ्याने दार किंचित वर उचलले आणि कडी आत सरकवली. माझ्याकडे पाहिले नाही. मग पुन्हा काढून, कसे करावयाचे ते मला दिसावे म्हणून सावकाश, एकदा आणखी लावून दाखवली.

"असं," ते म्हणाले, आणि टेम्पोकडे गेले.